दुसरी सही

निपाणी, ता. ९ ऑगस्ट १९३२

अण्णा,

वर देवाचं नाव लिहिलं न्हाय. खाली जे लिहिणार हाय त्याच्या डोक्यावर ते शोभणार न्हाय. तुला पत्र लिहायचं मी आई गेली त्या वर्षीच सोडलं होतं. आज लिहिते ते आप्पांनी सांगितलं म्हणून.

आप्पांचा घसा पार बंद होत आलाय. भाकरी तर सोडच, ताकातली पातळ कण्हेरीपण कशीबशी उतरती. मिरजेला नेऊन दाखवूया म्हणून मी पाया पडले, तर म्हणाले, आता कापाकापी नको, चंदना, आता सोडायला शिकायचं. मुनीमहाराज चातुर्मासाला आपल्या बस्तीच्या देवळात उतरल्यात. आप्पा रोज काठी टेकत तिथं जात्यात. सल्लेखनेचं त्यांच्या मनात पक्कं झालंय. हळूहळू अन्न सोडायचं, मग ताक, मग पाणी, आणि जमलं तर शेवटी मुनिदीक्षा घेऊन डोळे मिटायचे. ती दीक्षा घेतली की घर, रान, लेक, नात, कुणाचंच काही लागत न्हाय.

त्याच्या आधी त्यांना एक काम उरकायचं हाय. माळाचं रान, त्यातली विहीर आणि हे राहतं घर माझ्या नावानं करायचं म्हणत्यात. तुझी वाटणी तू आप्पांशी भांडून घेतलीस, विकलीस, बेळगावात घर बांधलंस. त्याला कुणी आडवं आलं न्हाय. हे रान राहिलं ते आप्पांच्या वाटणीचं. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं करून मी आले तवापास्नं त्या रानातली तंबाखू मी लावते, मी खुडते, मी वाळवते. हे रान गेलं तर मला जायला दुसरी जागा न्हाय, हे तुला सांगायला पायजे का?

आप्पा म्हणाले, धरणेंद्र वकिलाकडं कारकून हाय, कागद कसा करायचा त्याला ठाऊक असणार, त्याला विचार. मी म्हटलं, त्यालाच कशाला? तर म्हणाले, माझा ल्योक हाय तो. म्हणून विचारते. सरळ उत्तर दे.

लोभ असावा असं लिहीत न्हाय. तुझ्याकडं तो पुरेसा हाय.

चंदना

*

बेळगाव, ता. १६ ऑगस्ट १९३२

॥ श्री वीतरागाय नमः ॥

चि. गं. भा. चंदना हीस आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. वडील भावास कसे लिहावे हे तुला श्राविकाश्रमात कोणी शिकवले नाही, असे दिसते. तिथे तीन वर्षे अक्षरे गिरवलीस, त्याबरोबर रीतही गिरवली असतीस तर बरे झाले असते. असो.

ती. आप्पांची प्रकृती वाचून मन फार उदास झाले. सल्लेखना घेण्याची बुद्धी होणे हे आपल्या कुळाचे भाग्य आहे. त्यात तू अडथळा होऊ नकोस.

आता जमिनीचे. मगदुमांची जमीन ही आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली. लेक लग्न करून गेली की ती तिकडची. नवरा गेला म्हणून ती पुन्हा इकडची होत नाही. तुझ्या सासरच्यांनी तुला अन्नवस्त्र द्यायला हवे होते. ते त्यांच्याकडे मागायचे सोडून तू इथे विहिरीवर डोळा ठेवून बसलीस. पण आप्पांची इच्छा असेल तर मी कोण आडवा येणार?

कागदाचे विचारलेस. कागद कशाला हवा? आजोबांनी बस्तीत चार पंचांसमोर तोंडी सांगितले होते, त्यावर कोणी ब्र काढला नाही. आपल्या लोकांत मृत्युपत्र बोलून होते. आप्पांनीही पंचांसमोर बोलून टाकावे. जो माणूस सगळे सोडायला निघाला त्याच्या हातात टाक देऊन अमुक माझे, तमुक तिचे असे लिहून घेणे हे त्याच्या व्रतात काटा रोवण्यासारखे आहे. एवढे पाप शिरावर घेऊ नकोस.

दीक्षेस वेळ लावू नये असे मला वाटते. घरच्यांची संमती लागते, ती माझ्याकडून आहेच. महाराजांना तसे वेगळे लिहीत आहे.

धरणेंद्र

*

निपाणी, ता. ३० ऑगस्ट १९३२

अण्णा,

गं. भा. लिहायला तू विसरत न्हाईस. बाकीचं सगळं विसरतोस.

तुझं पत्र वाचलं तवा पैल्यांदा मला बरं वाटलं, हे तुला सांगून टाकते. म्हटलं, अण्णा गोड बोलतोय, आप्पांच्या व्रताची काळजी करतोय. मग मनात आलं, हा माणूस गोड कधीपासून बोलायला लागला? काल सकाळी ज्योतिबाच्या गाडीतनं चिकोडीला गेले. ज्योतिबा म्हणजे बांधाला बांध लावून असलेला, तू लहानपणी ज्याच्या आंब्याला दगडं मारायचास तोच. तिथल्या वकिलांना तुझं पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. म्हणाले, हे लिहिणारा खरंच वकिलाकडं कारकून हाय का?

आजोबांच्या काळात तोंडी चालायचं, हे खरं. सत्तावीस सालापास्नं ते बंद झालंय. आता मृत्युपत्र कागदावरच पायजे. करणाऱ्यानं शुद्धीवर असताना सही करायची. ती सही बघितलेल्या, न्हायतर ही माझीच म्हणून त्याच्या तोंडून ऐकलेल्या दोन माणसांनी त्याच्या देखत आपल्या सह्या घालायच्या. स्टॅम्प लागत न्हाय, साधा कागद चालतो. कचेरीत नेऊन नोंदवलंच पायजे असंपण न्हाय. पण दोन साक्षीदार न्हाईत तर कागद न्हाय, आणि कागद न्हाय तर सगळं पोराचं. लेकीला काही न्हाय. तोंडी बोलले असते तर आप्पा गेल्यावर दुसऱ्या दिवशी तू माझं गठुडं बाहेर टाकलं असतंस.

वडिलार्जित म्हणालास त्याचंपण विचारलं. वकिलांनी विचारलं, भावाची वाटणी होऊन गेली का? मी तू करून घेतलेलं वाटणीपत्र पुढं ठेवलं. ते हसले. म्हणाले, मग उरलेलं एकट्या वडिलांचं, ते कुणालाबी देऊ शकत्यात. बघ, तुझा तो कागद माझ्या कामाला आला.

हे तू रोज बघतोस. तुझं पोटच त्यावर चालतंय. तरी सख्ख्या बहिणीला खोटं लिहिलंस, आणि वर वीतरागाचं नाव घालून. मी रडले न्हाय. राग आला. लई राग आला. आप्पांना तुझं पत्र दाखवलं न्हाय. त्यांच्या व्रतात काटा रोवायचं काम तुझ्याकडंच राहू दे.

कागद आप्पा आपल्या हातानं लिहिणार हाईत.

चंदना

*

बेळगाव, ता. ६ सप्टेंबर १९३२

चंदना,

चिकोडीच्या वकिलाने तुला चार कलमे सांगितली म्हणून तू मला कायदा शिकवू लागलीस. ठीक आहे. मग मीही आता भाऊ म्हणून न लिहिता समोरचा पक्ष म्हणून लिहितो.

होय, मला ठाऊक होते. घरची गोष्ट कागदावर येऊन चव्हाट्यावर जाऊ नये म्हणून मी तसे लिहिले. तुला ते खोटे वाटत असेल तर वाटो.

कागद करा. पण साक्षीदार कुठून आणणार? मी गावात सर्वांना कळवले आहे की या कागदावर जो सही करील त्याला मी बेळगावच्या कोर्टात खेचीन, तारखेमागून तारखेला उभा करीन, आणि म्हातारा शुद्धीवर होता की नव्हता हे त्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा वदवीन. सुगीच्या दिवसांत रान सोडून मोटारीने बेळगावला यायची कोणाला हौस आहे ते पाहू. बस्तीच्या पंचांनाही लिहिले आहे. गावातला एकही बाप्या सही करणार नाही.

ती जमीन मला का हवी तेही ऐक. मला मुलगा नाही हे तू आई गेली त्या वेळी चारचौघांत बोलून दाखवले होतेस, मी विसरलेलो नाही. भूपालकाकांच्या धाकट्या नातवाला दत्तक घ्यायचे मी ठरवले आहे. मगदुमांचे नाव त्याने चालवायचे आणि मगदुमांचे रानही त्याचेच. ब्राह्मी लेक आहे, ती उद्या लग्न होऊन जाईल. जाणाऱ्या मुलींसाठी जमीन राखून ठेवायची नसते.

आप्पांच्या सेवेला राजमतीला पाठवत आहे. सून या नात्याने तिचा तो हक्क आहे. घरात कोण येते, कोण जाते, हेही तिच्या डोळ्यांना दिसेल. तिला अक्षर येत नाही, म्हणून तिची खुशाली तूच दोन ओळींत लिहीत जा. बाकी काय विचारायचे ते मी माणूस पाठवून तिला विचारून घेईन. ब्राह्मी इथे माझ्या मावशीकडे राहील.

धरणेंद्र

*

निपाणी, ता. २० सप्टेंबर १९३२

अण्णा,

वहिनी पोचल्या. खुशाल हाईत. लिही म्हणालास, लिहिलं.

त्यांना तू कशाला पाठवलंस ते मला पहिल्या दिवशीच कळलं. दारात कुणी आलं की त्या चुलीपुढनं उठून चौकटीत येऊन उभ्या राहत्यात. मी काही बोलत न्हाय. पण एक सांगते, आप्पांची सेवा त्या मनापासून करत्यात. पाय चेपत्यात, घसा कोमट पाण्यानं शेकत्यात, उठवून बसवत्यात, तोंडातनं ब्र काढत न्हाईत. तुझ्या घरी बोलायची सवय मोडली असंल.

दशलक्षण पर्व झालं. क्षमावाणीच्या दिवशी आप्पा सगळ्या गल्लीत काठी टेकत फिरले. ज्याच्या त्याच्या दारात हात जोडून क्षमा मागितली. ज्योतिबाच्या बैलांपुढंपण हात जोडले. मग घरी येऊन म्हणाले, एक दार राहिलं, बेळगावचं. माझ्या पोराला लिही, मी त्याची क्षमा मागतो, आणि त्यानं माझ्या लेकीची मागावी. लिहिलं. माझ्याकडनं तू क्षमेची वाट बघू नकोस. मी महाराज न्हाय.

आता मुद्द्याचं. आप्पांनी कागद लिहिला. आपल्या हातानं, एक शब्द न खोडता. खाली सही केली. ज्योतिबानं ती बघितली आणि आपली सही घातली. म्हणाला, धरणेंद्र कोर्टात बोलवंल तर जाऊ, बेळगाव बघून येऊ. त्याच्यानंतर कुणी न्हाय. गल्लीतल्या भावकूनं टाक हातात घेतला आणि खाली ठेवला. बायको नको म्हणती म्हणाला. मारुतीराव मास्तर म्हणाले, नोकरी हाय. पंच तर आता आमच्या दारावरनं जातानाच मान खाली घालत्यात. आठ दारं फिरले, अण्णा. ज्यांच्या घरची बाळंतपणं मी केली त्यांनी मला दारातनं परत पाठवलं.

आप्पा म्हणाले, त्यालाच सरळ विचार, तो मनाचा वाईट न्हाय. त्यांच्यासाठी विचारते. भावकूला दोन ओळी लिही, की सही घाल, माझी हरकत न्हाय. आणि महाराजांना लिहून दीक्षेची घाई चालवलीस ती थांबव. आप्पा अजून चालत्यात, बोलत्यात. आठ दिवस दे. एवढंच मागते. तुझ्याकडं आयुष्यात पैल्यांदा काही मागते.

चंदना

*

बेळगाव, ता. २६ सप्टेंबर १९३२

चंदना,

मागितलेस हे वाचून समाधान वाटले. मागायची वेळ आल्यावर माणूस कसे लिहितो, तेही कळले.

एका साक्षीचा कागद म्हणजे कोरा कागद. तू तो चुलीत घाल किंवा देव्हाऱ्यात ठेव, कोर्टात त्याला सारखीच किंमत. भावकूला मी लिहिणार नाही.

दीक्षेचे सांगतो. आप्पांनी काल ताक सोडले हे मला कळले आहे. महाराजांनी येत्या गुरुवारी सकाळी मुनिदीक्षा देण्याचे कबूल केले आहे. मी त्याच दिवशी पहिल्या मोटारीने येतो. आता तुझ्या चिकोडीच्या वकिलाने जे सांगितले नाही ते मी सांगतो. ज्याने संसार सोडून दीक्षा घेतली तो कायद्याने त्या क्षणी मेला. श्वास चालू असला तरी मेला. त्याची मिळकत त्याच क्षणी वारसाकडे जाते. त्यानंतर त्याच्या हातून शंभर सह्या घेतल्यास तरी त्या मेलेल्या माणसाच्या सह्या. ज्याच्याजवळ मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू याशिवाय काही उरले नाही, तो तुला रान कुठून देणार?

वारस मी आहे. मी एकटा आहे.

हे पत्र तुला बुधवारी मिळेल. एका दिवसात नववे दार शोध. तुला सापडणार नाही, म्हणूनच एवढे उघड लिहिले.

राजमतीस सांग की दत्तकविधीचा मुहूर्त दिवाळीनंतरचा धरला आहे. मुलगा गोरा आणि अंगाने चांगला आहे.

धरणेंद्र

*

बेळगाव, ता. १० ऑक्टोबर १९३२

श्रीमती चंदना यांस,

कळविण्यात येते की, गुरुवार ता. २९ सप्टेंबर रोजी श्री. भुजबली मगदूम यांनी बस्तीत सर्व समाजासमक्ष मुनिदीक्षा घेतली, त्यामुळे ते त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने मयत झाले, असे मी शपथेवर लिहून चिकोडीच्या कचेरीत वारसा नोंदीचा अर्ज दिला आहे. माळाचे रान, विहीर व राहते घर यांवर त्या दिवसापासून माझे नाव लागावे, अशी मागणी केली आहे.

तुम्ही दिवाळीच्या आत घर रिकामे करावे. मी माणूस आहे, दगड नाही. परसातली गोठ्याशेजारची खोली आणि वर्षाला पोटापुरते जोंधळे तुम्हांला देण्यास माझी तयारी आहे. रानात पाय ठेवू नये.

दीक्षेच्या वेळी मी रडलो ते गावाने पाहिले आहे. ते अश्रू खोटे होते असे तुम्ही गावात बोलता, ते कानावर आले. तसे बोलत राहिल्यास खोलीचाही विचार करावा लागेल.

राजमतीस शनिवारच्या मोटारीत बसवून देणे.

धरणेंद्र भुजबली मगदूम

*

निपाणी, ता. १५ ऑक्टोबर १९३२

अण्णा,

तू मला तुम्ही म्हणालास. मला लहानपणची तुझी अहो-जाहो आठवली. आईची पेटी फोडून बोरं खाल्लीस आणि माझं नाव घेतलंस, तवापण असंच बोलला होतास.

ज्यांना तू मयत लिहिलंस ते अजून हाईत. मी त्यांना आता आप्पा म्हणत न्हाय, म्हणायचं नसतं. महाराज म्हणते. बस्तीत उत्तरेच्या कट्ट्यावर चटईवर निजल्यात. दिवसातनं एकदा ओंजळभर पाणी घेत्यात. तुझ्या अर्जावरनं कचेरीतला माणूस चौकशीला आला. त्यांच्यासमोरच उभा राहून त्यानं विचारलं, भुजबली मगदूम कधी मयत झाले? महाराजांनी डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं आणि परत मिटले. बाप श्वास घेतोय आणि पोटचं पोर कचेरीत त्याच्या मरणाची तारीख घालून मोकळं झालंय. रान मिळालं असतं तरी तुला कसं पचलं असतं रं?

मिळालं न्हाय, हे आता सांगते.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र बुधवारी आलं. बुधवारीच कागदावर दुसरी सही झाली. आप्पा तवा गादीवर बसले होते, अंगावर कपडे होते, घर त्यांचं होतं, रान त्यांचं होतं. आपल्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, ही माझी. त्यांच्या देखत साक्षीदारानं सही घातली. दीक्षा दुसऱ्या दिवशी. तो कागद मी काल चिकोडीला नेऊन दिला.

वकील म्हणाले, तुमच्या भावाचे उपकार माना. त्यांनी शपथेवर लिहून दिलं नसतं, तर दीक्षा म्हणजे मरण हे आपल्याला भांडून सिद्ध करावं लागलं असतं, न्हायतर महाराजांचा श्वास थांबायची वाट बघावी लागली असती. आता मृत्युपत्र त्याच तारखेपास्नं लागू. मयत झाल्याचा पुरावा म्हणून तुझाच अर्ज जोडलाय.

गोठ्याशेजारची खोली तू ठेव. कधी निपाणीला आलास आणि मुक्काम पडला तर उपयोगी पडंल.

साक्षीदाराचं नाव मी लिहीत न्हाय. तसं ठरलंय. वहिनी शनिवारच्या मोटारीत बसणार न्हाईत. त्याचं कारणपण मी सांगणार न्हाय.

चंदना

*

बेळगाव, ता. १८ ऑक्टोबर १९३२

चंदना,

कागद खोटा आहे. बनावट आहे. मी गावातल्या प्रत्येक घराची चौकशी केली. भावकू पाय धरून सांगतो की त्याने सही केली नाही. मास्तर नाही, पंचांपैकी कोणी नाही. त्या बुधवारी तुमच्या घरात बाहेरचा एकही पुरुष आला नव्हता, हे माझ्या माणसाने खात्रीने सांगितले आहे. मग सही भुताने केली?

नाव सांग. तो कोण आहे ते मला कळले पाहिजे. त्याला मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा करून घाम फोडतो. ज्योतिबाला हाताळायचे ते हाताळीन, पण या दुसऱ्याला मी सोडणार नाही. त्याचे घर, त्याची चूल, त्याचे नाव, काही शिल्लक ठेवणार नाही.

आणि राजमतीला अडकवून ठेवायचा तुला काय अधिकार? ती भोळी आहे, तिला काय सांगून थांबवलेस? उलट टपाली नाव कळव. नाही तर मी येतो.

धरणेंद्र

*

निपाणी, ता. २४ ऑक्टोबर १९३२

स्वामींच्या चरणी राजमतीचा नमस्कार.

हे अक्षर तुमच्या ओळखीचं न्हाय. तुम्ही कधी बघितलं न्हाय. लग्नानंतर पहिलं वर्ष मी या घरात होते, तवा वन्संनी मला शिकवलं. दुपारची भांडी झाली की चुलीतली राख परातीत पसरायची आणि बोटानं गिरवायचं. तुम्हांला आवडणार न्हाय म्हणून बेळगावात मी कधी लिहिलं न्हाय. चुकलं असंल तर वन्संची चूक न्हाय, माझी.

तुम्ही वन्संना विचारता, म्हणून मीच लिहिते.

मला तुम्ही पाठवताना सांगितलंत, सही करायला कोण येतं त्यावर नजर ठेव आणि कळव. मी नजर ठेवली. खरंच कुणी आलं न्हाय. मी घरातच होते.

बुधवारी तुमचं पत्र आलं. वन्सं ते आप्पांना ऐकवणार नव्हत्या. आप्पांनी मागून घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लावलं. मी चुलीपुढं होते. रानाचं ऐकलं, मयताचं ऐकलं. मग शेवटी माझ्यासाठी लिहिलेलं आलं, मुलगा गोरा हाय आणि मुहूर्त धरलाय. मला विचारलं न्हाय, कळवलं. त्याच्या आधीच्या पत्रात जाणाऱ्या मुलींचं होतं, तेपण वन्संनी मला आधी वाचून दाखवलं होतं. माझी ब्राह्मी उद्या वन्संसारखी परत आली तर? तिला कुठली खोली देणार? त्या गोऱ्या मुलाच्या गोठ्याशेजारची?

मी हात धुतले आणि आत गेले. टाक मागितला. वन्सं नको म्हणाल्या, तुमचा संसार मोडंल म्हणाल्या. आप्पांनी विचारलं, सूनबाई, ह्याचं काय होणार ते तुला कळतंय न्हवं? मी व्हय म्हटलं. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला, आपल्या सहीवर बोट ठेवलं. इतक्या वर्षांनी लिहिलं म्हणून शेवटचं अक्षर वाकडं आलंय. बाकी सही चांगली हाय.

काल पहाटे महाराजांची समाधी झाली. णमोकार चालू असतानाच श्वास थांबला. शेवटच्या दिवशी महाराज बोलत नव्हते. दीक्षेच्या आधी आप्पांनी एक निरोप ठेवलाय, धरणेंद्राला सांगा माझ्या मनात त्याच्याविषयी काही न्हाय. ते पोचवते. माझ्या मनात हाय. तुमच्या कचेरीतली तारीख तशीच राहू द्या. आता ती बदलून उपयोग न्हाय.

मावशींना सांगून ब्राह्मीला शनिवारच्या मोटारीनं पाठवा. न्हाय पाठवलंत तर मी येऊन घेऊन जाईन. तंबाखूची खुडणी जवळ आलीय, वन्संना एकटीला झेपणार न्हाय. मला इथं काम हाय आणि जेवण हाय.

साक्षीदाराला पिंजऱ्यात उभा करतो म्हणालात. बोलवा. मी बेळगावला येईन, आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगीन. त्या दिवशी सही ताडून बघायला दुसरी लागंल. कुठं शोधत बसू नका, हे पत्र जपून ठेवा, खाली तीच घालते.

राजमती धरणेंद्र मगदूम